पाणकराचं जास्तीचं रक्त

सिस्टरनं रिकामी पिशवी खाटेच्या कडेला लटकवली, दंडाला पट्टा बांधायला वाकली, आणि लीलाधरनं पुन्हा हात ओढून घेतला. चालता असा तो एकच हात उरला होता, डावा. उजवा परवापासून ओंडक्यासारखा पडून होता. तो डावा हात त्यानं छातीशी असा घट्ट धरला की सिस्टर बिचारी पट्टा घेऊन बघतच राहिली.

“काका, कुछ नहीं होता. थोडंसं रक्त काढायचं आहे, बस,” ती म्हणाली. गोंदियाची पोर ती, तिच्या बोलण्यात हिंदी कुठं संपते आणि मराठी कुठं सुरू होते ते तिलाही सांगता आलं नसतं.

काका मान हलवत राहिले. तोंड वाकडं झालेलं, शब्द फुटत नव्हता. पण नाही म्हणायला शब्द कशाला लागतो?

“बाबा, काय लावलं हो तुमी?” गजेंद्र वैतागला. लीलाधरचा हा थोरला मुलगा, तिरोड्याच्या वीज कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. बापापायी ड्यूटी बुडवून बसला होता. “साऱ्या तालुक्याले रक्त देत फिरत होते, अन् आता एवढ्याशा सुईले भेऊन राहिले?”

वॉर्डातली दोन-चार माणसं हसली. रुख्मिणी हसली नाही. नवऱ्याच्या पायाशी स्टुलावर ती बसली होती, मांडीवर डबा आणि नजर त्या रिकाम्या पिशवीवर. लीलाधर सुईला भीत नाही हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो हात का देत नाही, तेही तिला ठाऊक होतं. आणि ठाऊक असून ती तोंड शिवल्यासारखी बसली होती, याची तिला अशी लाज वाटत होती की डब्याच्या झाकणात दिसणारा स्वतःचा चेहरासुद्धा तिला बघवेना.

डॉक्टरीणबाई आल्या. वयानं गजेंद्रएवढ्याच, पण बोलणं सबुरीचं.

“मावशी, पुन्हा सांगते. यांच्या रक्तात लाल पेशी फार झाल्या आहेत. हाडांच्या आत रक्त तयार होतं ना, ते काम थांबायचं नावच घेत नाही. हिमोग्लोबिन चौदा-पंधरा असावं, यांचं वीसच्या वर गेलंय. रक्त इतकं घट्ट झालंय की मेंदूतल्या बारीक नसांमधून ते पुढं सरकत नाही. रेंगाळतं, आणि रेंगाळलं की गोठतं. परवा तेच झालं. गोळ्या सुरू केल्यात, पण थोडं थोडं रक्त काढून ते पातळ केलंच पाहिजे. नाहीतर दुसरा झटका येईल, आणि तो याहून मोठा असेल.”

“मंग धरून काढा ना, मॅडम!” गजेंद्र मधेच बोलला.

“मघाशी नुसता दंड धरला तर बीपी केवढं चढलं, पाहिलंत ना? गुंगीचं औषध दिलं तर मेंदूच्या आत काय चाललंय तेच कळायचं नाही. तुम्हीच समजवा त्यांना. आज झालं नाही तर नागपूरला हलवावं लागेल, आणि या अवस्थेत तो रस्ता मला नको वाटतो.” मग त्यांना काहीतरी आठवलं. “याआधी कधी रक्त काढलं होतं का यांचं?”

“काढलं म्हंजे? ते तर स्वताच देत होते. तीन-चार महिने झाले का चालले रक्त द्याले. दोन वर्सं झाली, बंद केलं.”

बाई थबकल्या. “अरे! म्हणजे एवढी वर्षं बहुतेक त्यांचा इलाज आपोआपच चालला होता की. जास्तीचं रक्त निघून जात होतं, कुणाला पत्ताच नाही. मग बंद का केलं?”

“वय झालं म्हनून असन,” गजेंद्र म्हणाला.

रुख्मिणीनं डब्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. इलाज चालला होता. आपोआप चालला होता. आणि तो कुणी बंद पाडला, बाई? सांग ना! आतून कुणीतरी तिला ढोसून विचारत होतं.

लीलाधर माणूस कसा, ते सांगितल्याशिवाय या हटाचा अर्थ लागायचा नाही.

चोरखमाऱ्याच्या मोठ्या तलावाच्या अंगाला त्यांचं गाव. गावाला आपला वेगळा लहानसा तलाव, कोहळी समाजाच्या वाडवडलांनी खांद्यावर माती वाहून बांधलेला. लीलाधर त्याच घराण्यातला आणि गावाचा पाणकर. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी नहरातून ज्याच्या त्याच्या बांदीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, पाळीपाळीनं सोडणारा माणूस. काम दिसायला सोपं. फावडं घ्यायचं, इथं माती ओढायची, तिथं माती लोटायची. पण धान पोटऱ्यात आलं, पाऊस दडी मारून बसला की हाच माणूस साऱ्या गावाच्या शिव्या खातो. मला कमी दिलं, त्याला जास्ती दिलं!

म्हणून त्या गावात एक चाल आहे. पहिलं पाणी सोडायच्या दिवशी पाणकर गुडघाभर पाण्यात उतरतो, ओंजळीत तलावाचं पाणी घेतो आणि लेकराच्या जिवाची आण घेऊन गावासमोर बोलतो, की कुणाला थेंब कमी देणार नाही, कुणाला थेंब जास्ती देणार नाही. आण मोडली तर त्या लेकराचं वाईट होतं, असं सगळे मानतात. आता मानतात म्हणजे काय, बोलतात आणि संध्याकाळी विसरतात. आधीचे पाणकर असेच होते. लीलाधर मात्र येडा! रुख्मिणीच्या सख्ख्या भावाची बांदी त्याच गावात. एका साली तिला भेगा पडायला लागल्या, भाऊ हात जोडून दारात उभा, पण पाळी परवाची होती, म्हणून या बाबानं नहराचं तोंड उघडलं नाही. भाऊ दोन दिवाळ्या बहिणीकडे जेवला नाही. रुख्मिणी तेव्हा नवऱ्याला इतकं बोलली की ऐकणाऱ्याचे कान किटले असते. तो म्हणाला, “हातात पानी घेऊन बोललो ना वं मी,” आणि भाकर मोडून खायला लागला.

रक्त द्यायला लागला तो शेजारच्या धुरपताबाईच्या नातीपायी. नीतूला सिकलसेल. या भागात असं लेकरू जिकडेतिकडे सापडतं. तिचं अंग दुखायला लागायचं, पोर पांढरीफटक पडायची आणि गोंदियाला नेऊन रक्त चढवावं लागायचं. पहिल्यांदा गेला तो शेजारधर्म म्हणून. मग सवयच लागली. नीतूला नसेल लागत तर दुसऱ्या कुणाला, कुणालाच नाही तर शिबिरात. रक्तपेढीतला माणूस म्हणायचा, काका, तुमचं रक्त एक नंबर. आणि हा घरी आला की अंगणातूनच हाळी द्यायचा, “रुख्मे, हलकं वाटते वं! डोक्शावरचा भारा उतरल्यावानी हलकं वाटते.”

“रक्त देऊन कोनी हलकं होते काय? कमजोरी म्हनतेत तिले,” ती फणकारायची.

पण ते सगळं ठीक होतं. बिघडलं ते दुर्गीच्या साखरपुड्याला.

दुर्गेश्वरी, त्यांची धाकटी. आमगावची माणसं आलेली, मांडव भरलेला, पाट मांडलेले. पाहुणे जेवायला बसणार तेवढ्यात धुरपताबाई पदर तोंडाला लावून मागच्या दारानं आली. नीतूचं फार झालंय, गोंदियाच्या दवाखान्यात आहे, रक्त पाहिजे. लीलाधरनं हातातलं वाढायचं भांडं खाली ठेवलं, पायात चपला सरकवल्या आणि गेला. कुणाला म्हणून सांगितलं नाही. मुलीचा बापच गायब! मुलाचा मामा भर पंगतीत म्हणाला, “व्याही नाराज दिसून राहिले आमच्यावर.” रुख्मिणीनं हसून वेळ साजरी केली, पण आतून तिची नुसती आग आग झाली. दिवेलागणीला पाहुणे परतले, आणि मग हा आला, हसतच. “वाचली वं पोरगी. अन् मलेबी कसं हलकं वाटते!”

हलकं वाटते म्हणे. तो शब्द तिच्या काळजात जाऊन रुतला. सगळ्या गावच्या लेकरांसाठी याच्या अंगात रक्त आहे आणि स्वतःच्या पोरीसाठी एक दिवस नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला तलावावर घेऊन गेली. पाण्यात उभं केलं, त्याची ओंजळ स्वतःच्या हातानं भरली.

“म्हना. आजपासून कोनाले रक्त देनार नाही. अंगातून थेंबबी काढू देनार नाही. दुर्गीच्या जिवाची आन.”

“पोरीच्या जिवावर नोको घालू, रुख्मे.”

“काल उठून गेले तवा पोरगी नाही आठवली? आता काऊन आठवते?”

त्यानं ओंजळीकडे पाहिलं. मग बोलला, ती म्हणाली तसंच, शब्दाला शब्द. येताना रुख्मिणी पुढं आणि तो मागं. आपण जिंकलो असं तिला वाटलं होतं. आता त्या वाटण्याची आठवण आली की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं.

आण घातली आणि नवरा फुलायला लागला. आधी तर तिला तसंच दिसलं. गाल लाल, कान लाल, तळहात लाल. बाया म्हणायच्या, लीलाधरभाऊ तं टमाटरावानी झाला वं! ही फुशारून सांगायची, “मंग? घरचं रक्त घरी राहिलं का तोंडावर येतेच.” जिथं दर दुसऱ्या बाईला डॉक्टर रक्त कमी आहे म्हणून बजावतात, तिथं कुणाचं रक्त जास्त होतं आणि ते जास्तीचं रक्तच माणसाला खातं, हे कुणाच्या डोक्यात येणार? तिच्याही आलं नाही.

मग त्याची कुरकुर सुरू झाली. डोकं जड वाटते. कानात शिट्ट्या वाजतात. ऊन पाण्यानं आंघोळ केली की अंगभर खाज सुटते. तिनं साबण बदलला. तळपाय जळतात म्हणाला, तिनं खोबरेल चोळलं. पुढं चक्कर यायला लागली, तेव्हा तर तिला सगळंच उमगल्यासारखं झालं. चक्कर म्हणजे रक्त कमी, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिच्याकडे लोहाच्या गोळ्या पडून होत्या, कमजोरीवर तिला दिलेल्या. त्या तिनं त्याला सुरू केल्या. गुळाचा खडा, बीट आणि वरून ती गोळी. गिळली की नाही ते तोंड उघडून बघायची, इतकी काळजी! आगीत आपल्याच हातानं तेल ओततोय हे तिला कळायला दवाखाना उजाडावा लागला.

आणि एवढंच असतं तरी तिनं स्वतःला माफ केलं असतं. अडाणी होती, चुकली, म्हटलं असतं. पण यंदा धानाच्या रोवणीत त्यानं तिला तोंडानं मागितलं होतं. बांधावर दोघं भाकर खात बसले होते. तो कपाळ दाबत म्हणाला, “रुख्मे, आन उतरव वं. रक्त देत होतो तवा हलकं व्हाचं. आता डोकं फुटून राहिलं माहं. मले हलकं होवाचं हाय.”

त्याच सकाळी धुरपताबाई त्याच्याशी नहरावर बोलताना रुख्मिणीनं पाहिली होती. झालं! हिच्या डोक्यात तेवढंच शिरलं. तिनंच पढवून धाडलं असणार.

“आता तं बिलकुल नाही,” ती म्हणाली होती. “दुर्गी पोटुशी हाय. आता आन दोन जिवांवर हाय, समजलं?”

त्यानंतर त्यानं डोक्याची कुरकुर पुन्हा कधी केली नाही.

परवा सकाळी गावातल्या टेकचंदच्या वरच्या बांदीतून पाणी फुटून वाहत होतं आणि खालच्या बांद्या कोरड्या पडल्या होत्या. लोक शिव्या देत नहरावर धावले. असं आजवर कधी घडलं नव्हतं. बघतात तो पाणकर नहराच्या काठच्या पारीवर बसलेला, फावडं बाजूला पडलेलं, तोंड एका अंगाला ओढलेलं आणि वाहत्या पाण्याकडे डोळे लावून काहीतरी बोलायची धडपड चाललेली. पाणी बंद करायचं हे त्याला दिसत होतं आणि हात त्याचं ऐकत नव्हता.

डॉक्टरीणबाई घट्ट रक्ताचं सांगत होत्या तेव्हा रुख्मिणीला तो नहर आठवला. गाळ साचला की पाणी वरच्या वर रेंगाळतं आणि शेवटची बांदी उभ्याउभ्या वाळते. दरसाल गाळ उपसायला लीलाधर लोकांच्या मागं लागायचा. त्याच्या स्वतःच्या अंगातला गाळ उपसणं तिनं बंद करून ठेवलं होतं.

गजेंद्र औषधं आणायला खाली गेला तशी ती उठली. नळाखाली ओंजळ धरली, पाणी सांडत खाटेशी आली आणि नवऱ्याच्या कानाशी लागली. “मी आन उतरवली हो. हे पाहा, उतरवली. आता हात द्या.” आणि पाणी तिनं खाटेखालच्या भांड्यात सोडलं.

लीलाधरनं तिच्या ओल्या हाताकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. हात जिथं होता तिथंच. जन्मभर पाणी वाटणारा माणूस तो, नळाचं पाणी ओळखणार नाही? आण उतरवायची तर त्याच तलावाचं पाणी पाहिजे, आणि जिच्या जिवावर घातली तिनं, सगळं ऐकून-समजून, आपल्या हातानं ते सोडलं पाहिजे. हे रुख्मिणीला काय ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. या अवस्थेतसुद्धा आपण त्याला फसवायला गेलो, हे ध्यानात आलं तशी ती परत स्टुलावर बसली. दुर्गीला सांगावं लागेल या भीतीनं आपण हा चोरटेपणा केला. पोटुश्या पोरीला धक्का नको म्हणून तिला बाबांना फक्त ताप आलाय एवढंच कळवलं होतं. पोरीची काळजी तर होतीच, पण त्या काळजीमागं आपण आपलं तोंड लपवलं होतं, हे आता स्वतःपासून लपेना.

तिनं व्हरांड्यात जाऊन फोन लावला. पहिला धुरपताबाईला.

“धुरपते, तलावाचं पानी पाहिजे होतं. बाटलीभर. गोंदियाले घेऊन येशीन काय?”

“आन होती काय वं?”

“हो.”

“कायच्यासाठी घातली होतीस?”

रुख्मिणीला रडू फुटलं. “तुह्या नीतूले रक्त देऊ नये म्हनून.”

शिव्या दे, तिनं मनात म्हटलं, चांगल्या दोन शिव्या दे बाई.

“तिरोड्याहून बस भेटते मले,” धुरपताबाई म्हणाली. “मी निघाली.”

दुसरा फोन दुर्गीला लावला होता; ती दुपारच्या गाडीनं आली. सातवा महिना, पाय सुजलेले, स्टेशनावरून ऑटोत बसून आली ती थेट व्हरांड्यात. तिला बाकावर बसवून रुख्मिणीनं सगळं सांगितलं. साखरपुडा, तलाव, आण. लोहाच्या गोळ्याही. रोवणीतली ती गोष्टही तिनं गाळली नाही. औषधांची पिशवी घेऊन गजेंद्र मागं येऊन उभा राहिला होता आणि ऐकत होता, हे तिला उशिरा दिसलं.

“माह्या जिवावर?” दुर्गी म्हणाली. तिचा हात आपसूक पोटावर गेला. “अन् ह्याच्याबी?”

“चुकली वं माय मी.”

“बाबानं मांगतलं होतं तुले. तोंडानं मांगतलं होतं.” दुर्गीनं आईचा खांद्यावरचा हात उचलून बाजूला ठेवला. झिडकारला नाही, नुसता ठेवला. त्यापेक्षा झिडकारला असता तर बरं झालं असतं. “पहिले बाबाकडे चाल. तुह्यासंग मंग बोलीन.”

धुरपताबाई आली, पदराखाली बाटली. तिनं बाटली रुख्मिणीच्या हातात दिली आणि ती लीलाधरच्या पायांवर हात ठेवून उभी राहिली. डॉक्टरीणबाईंना गजेंद्रनंच कसंबसं समजावलं. त्या आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या, मग म्हणाल्या, “पाण्याला माझी काय हरकत? फक्त पाजू नका.”

दुर्गीनं ओंजळ पुढं केली. रुख्मिणीनं बाटली उपडी केली. गढूळसर, थोडं हिरवट पाणी, तळाशी मातीचा कण. लीलाधरनं डोळे उघडले. त्यानं पाण्याकडे पाहिलं आणि तो पाहतच राहिला.

“बाबा,” दुर्गी म्हणाली, “मायनं मले सारं सांगतलं. माह्या जिवाची आन तुमी आजवर राखली. आता मी सोडून राहिली. मी बरी हाय, पोटातलंबी बरं हाय. लाथा मारून राहिलं, पाहा.” आणि तिनं पाणी भांड्यात सोडलं.

लीलाधरची नजर पाण्याबरोबर खाली गेली, तिथून तिच्या पोटावर आली आणि तिथंच थांबली. मग छातीशी आवळलेला हात त्यानं हळूहळू सोडला, सरळ केला आणि सिस्टरच्या पुढं ठेवला. सिस्टरनं सुई टोचली तेव्हा त्यानं तिकडे बघितलंसुद्धा नाही.

नळीतून रक्त उतरायला लागलं. काळपट, दाट, इतकं सावकाश की रुख्मिणीला वाटलं आता थांबतंय की काय. पिशवी डुगडुगत हळूहळू फुगत गेली. धुरपताबाईनं हळूच विचारलं, “हे रक्त कोनाले कामी येईल काय, मॅडम?”

“नाही, मावशी. हे कुणाला देता येत नाही. फेकून द्यावं लागतं.”

त्याच वेळी लीलाधरचे ओठ हलले. गजेंद्र वाकला. “काय बाबा? काय म्हनता?”

“ह,” तो म्हणाला. वाकड्या तोंडातून वारा निसटला. “हल... ह...”

डॉक्टरीणबाई पुढं झाल्या, हरखून. “बोलायचा प्रयत्न करताहेत. छान, काका, छान! काय म्हणताहेत? कुणाला कळलं?”

गजेंद्रनं मान हलवली. दुर्गीनं आईकडे पाहिलं, मग सगळ्यांनीच पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याचं बोलणं तिच्याशिवाय कुणाला कळायचं!

“हलकं वाटते म्हनते,” रुख्मिणी म्हणाली.

“अरे वा. म्हणजे आराम पडतोय.”

“रोवणीतबी हेच म्हनत होते, मॅडम. हलकं होवाचं हाय म्हने.” तिनं तोंड लपवलं नाही, पदरही डोळ्यांना लावला नाही. “तुमी सकारी इचारलं ना, बंद काऊन केलं म्हनून? मी बंद केलं.”